माझ्याभोवतीचा जिना

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी एका जिन्यावर जळते. हसू नका. आमच्या सहा मजली इमारतीत तो माझ्याभोवती गोल गोल फिरत वर गेला आहे. माझ्या दाराला जाळी आहे, त्यामुळे वर जाताना, खाली येताना, मधेच उभी असताना, सतत तोच डोळ्यांसमोर. नावडत्या माणसाकडे निदान पाठ तरी फिरवता येते. मला तीही सोय नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. सुताराने माझ्या भिंतींना गुळगुळीत लाकूड लावलं, कुणी आरसा बसवला, कुणी पितळी बटणं घासून चकचकीत केली. मी इथे आले त्या दिवशी सगळी इमारत मला बघायला लोटली होती. म्हाताऱ्यांनी उगाचच वरखाली फेऱ्या मारल्या. पुढे नवी कपाटं माझ्यातून वर गेली, नव्या सुना गेल्या, दवाखान्यातून दुपट्यात गुंडाळून आणलेली बाळं गेली. जिन्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. त्याच्या कोपऱ्यांत जळमटं, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, पायऱ्यांवर फुटक्या कुंड्या. मी त्याच्या नाकासमोरून दिमाखात वरखाली करायचे. काय भाव खाल्ला म्हणून सांगू!

माझं सगळ्यात लाडकं माणूस म्हणजे सहाव्या मजल्यावरच्या शिलाईमावशी. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू, काखेत कुबडी. तळमजल्यावर त्यांचं शिवणाचं दुकान. सकाळी मी त्यांना खाली न्यायचं, दुपारी जेवायला वर आणायचं, पुन्हा खाली, संध्याकाळी पुन्हा वर. लिफ्ट आहे म्हणून माझं दुकान आहे, असं त्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. ते कानावर आलं की माझी कुरकुर आपोआप थांबायची.

पण उन्हाळे बदलायला लागले. दरवर्षी ऊन आणखी चढायचं. घराघरांत एसी आले. ते आतली खोली गार करायचे आणि बाहेरची हवा आणखी तापवायचे. त्यात कुणाची इस्त्री, कुणाचं वॉशिंग मशीन, आणि वर माझ्या फुकटच्या फेऱ्या. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब एकच मजला खाली पत्ते खेळायला जायचे, तेही माझ्यातून! एका रणरणत्या दुपारी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला हा भार सोसला नाही. वीज गेली. मी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकले, आणि आत शिलाईमावशी.

जिन्यावरून माणसं धावत आली. कुणी जाळीतून पाण्याची बाटली सरकवली, कुणी वर्तमानपत्राने वारा घातला. मावशी घामाने निथळत होत्या, कुबडी हातातून निसटून खाली पडली होती. जी काही मदत पोचली ती जिन्यावरून पोचली. मी नुसती लटकत होते. तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत खुपायला लागला.

वीज आली, मावशी बाहेर पडल्या, आणि तिथेच पायऱ्यांवर बैठक भरली.

“असली लिफ्ट हवीच कशाला? बंद करून टाका. तेवढीच वीज वाचेल,” कुणीतरी म्हणालं.

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. “मग माझं दुकानही बंदच म्हणा की! ही कुबडी सहा मजले चढणार आहे होय?”

मग पाचव्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई बोलल्या. “लिफ्ट राहू दे. मावशींसाठी, आजाऱ्यांसाठी, ज्यांच्या हातात ओझं आहे त्यांच्यासाठी. धडधाकट माणसांनी जिना चढायचा. भर दुपारी इस्त्री आणि मशीन लावायचं नाही. एसी लावा, पण घरात बसून हुडहुडी भरेल इतका कशाला? या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळतो, म्हणून तर दरवर्षी ऊन चढतंय.”

“अहो बाई, मी एकटा जिना चढल्याने जगाचा ताप उतरणार आहे का?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“नाही उतरणार. पण जगातल्या प्रत्येक जिन्यापाशी असाच एक वकील उभा आहे, आणि तोही हेच विचारतोय. त्याचं काय करायचं?”

वकीलसाहेब वळले आणि पायऱ्या उतरायला लागले.

झालं! माझं नशीब तिथेच फिरलं. जिन्याच्या खिडक्यांवरच्या फळ्या निघाल्या, वारा खेळायला लागला, जळमटं गेली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर वकीलसाहेबांनीच दम खायला एक खुर्ची ठेवली. मग शेजारी दुसरी आली, आणि तिथे गप्पांचा अड्डाच जमला. माझ्यात माणसं काय करायची? छताकडे बघायची, नाहीतर मजल्यांच्या आकड्यांकडे. जिन्यावर मात्र हसणं, खिदळणं, भांडणं, “अहो, थांबा की जरा!” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. वकीलसाहेबांचं पोट उतरलं, तर त्याचंही कौतुक जिन्याला! आणि ते पोट इतकी वर्षं उचललं कुणी?

कहर झाला तो एका संध्याकाळी. मावशींनी सहाचं बटण सोडून तीनचं दाबलं. कुबडी टेकत बाहेर पडल्या, माझं दार ओढून घेतलं आणि खुर्चीवर बसून गप्पा मारायला लागल्या. माझ्या मावशी! त्या मेल्या जिन्यावर! मी तिथेच उभी राहून त्यांचं हसणं ऐकत होते. मला रडता येत नाही, हे त्या दिवशी फार जाणवलं.

पुढचा उन्हाळा आला. ऊन काही कमी झालं नव्हतं. आमच्या एका इमारतीने ते कसं होणार? पण आमचं बघून समोरच्या इमारतीनेही दुपारची मशीनं थांबवली होती, आणि ट्रान्सफॉर्मरने तग धरला होता. अशाच एका दुपारी मावशींनी खालून बटण दाबलं. पूर्वी त्या कुबडीवर भार टाकून ताटकळत राहायच्या, आणि मी कुठेतरी वकीलसाहेबांना पत्त्यांना पोचवत असायचे. आता मी रिकामी होते. लगेच आले.

मावशी आत आल्या. माझ्या लाकडावर हात टेकून म्हणाल्या, “हल्ली हाक मारली की येतेस गं. बरं वाटतं बाई.”

इतक्या वर्षांत माझ्याशी कुणीही बोललं नव्हतं. जिन्यावर माणसं एकमेकांशी बोलतात. जिन्याशी कुणी बोलत नाही. हे लक्षात आलं आणि काय सांगू मित्रांनो, सहाव्या मजल्यापर्यंत मी एकदाही कुरकुरले नाही.

म्हणून तुम्हाला एक सांगते. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा. जवळ जायचं असेल तर चालत जा. उन्हात वाळणारे कपडे उन्हातच वाळू द्या. आणि पाय धड असतील तर माझं बटण दाबू नका, त्या जिन्याकडे जा. आपल्या तोंडाने वैऱ्याकडे पाहुणे धाडणं सोपं नाही हो! तुम्ही त्याच्या पायऱ्यांवरून धडाधडा वर जाल, तेव्हा मी जळेन. जळू दे. खाली मावशी उभ्या असतील, आणि त्यांनी हाक मारली की मला लगेच जायचं आहे.