गोकर्णीच्या चित्राचं हळदीकुंकू

अरुणाताईंचं तैलचित्र सगळ्या बाजूंनी बरोबर होतं आणि तरीही गारठलेलं होतं. काचेच्या बरणीत गोकर्णीची निळी फुलं, हिरवी पानं, मागे राखाडी भिंत. कुठेतरी उबदार रंगाचा एक ठिपका हवा होता, एवढं त्यांना कळत होतं. नेमका कुठे, ते दोन महिने कळत नव्हतं. शेंदरी लावला, खरवडला. केशरी लावला, खरवडला. आयुष्यात एक चित्र तरी जमावं एवढीच बाईंची हौस, आणि तेच हटून बसलेलं.

खांदेश्वरच्या त्यांच्या सोसायटीला मात्र धीर कुठला. सेक्रेटरी वैदेहीने लॉबीत खिळा ठोकून ठेवला होता. रिकामा खिळा बरा दिसत नाही म्हणून तिने चित्र ओलं असतानाच उचलून आणलं आणि शेजारी पाटी लावली : ‘रंग ओला आहे. हात लावू नये.’ मग सगळ्या बायकांना उद्घाटनाला बोलावलं, हळदीकुंकवासकट.

तबक तळमजल्यावरच्या जमुनाच्या हातात होतं. तिने आधी पाटीला हळदीकुंकू लावलं, कारण पाटीही नवीच होती. मग ती चित्राकडे वळली.

“जमुना, ते ओलं आहे,” अरुणाताई म्हणाल्या.

“नवी वस्तू हाय ताई, कोरी कशी ठेवाची?” म्हणत तिने बोट टेकवलंसुद्धा.

डावीकडच्या खालच्या फुलाशी हळद, तिच्यावर कुंकू. अरुणाताई ते पुसायला पुढे झाल्या, आणि मग बघतच राहिल्या. निळा रंग जागा झाला, पानं जवळ आली, राखाडी भिंतीवर ऊन पडल्यासारखं वाटलं. चित्र जमलं होतं.

मागे एकोणचाळीस बायका रांगेत उभ्या होत्या.

आणखी चार बोटं लागली की चिखलच. अरुणाताई झटकन चित्राकडे पाठ करून आडव्या उभ्या राहिल्या. “आता लावायचं तर मला लावा.”

रांग थबकली. पुढे वैदेही होती. “काकू, तुमाला कसं... म्हणजे काका गेल्यापासून...”

“सहा वर्षं झाली. लिफ्टच्या मोटरला लावलंत, पाण्याच्या पंपाला लावलंत. मी काय वाईट केलंय?”

वैदेहीने जमुनाकडे पाहिलं. “लाव गो, मागं खोलंबल्यान,” जमुना म्हणाली.

वैदेहीने लावलं. मग रुतिकाने, मग जाईने. एकदा रांग चालू लागली की आपल्याकडे ती कुणाच्या बापासाठी थांबत नाही. शेवटच्या बाईला कपाळावर जागाच उरली नाही, तेव्हा तिने नाकावर लावलं. अरुणाताईंना इतका आनंद झाला होता, की चित्राकडे वळून बघायचंही राहून गेलं.