दवातला शेरभर कापूस

पदार्थविज्ञानाचा मी शिकवलेला पहिला धडा पाण्याच्या वाफेवर होता. अमरावतीच्या शाळेत काचेची उपकरणं नव्हती. म्हणून पहाटे वेचलेला शेरभर कापूस मी वर्गात तोलला, दोन तास उन्हात पसरला आणि पुन्हा तोलला. सहा तोळे कमी भरला.

"सहा तोळे कुठं गेले?"

आमच्या गावच्या भगवंतराव पाटलांचा मुलगा सहदेव उठला. "हवेत, मास्तर. ते पाणीच होतं."

त्या दिवशी मी फार खूश होतो.

रविवारी गावी गेलो. माझा बाप पाटलांचा सालदार होता. तो गेल्यावर आई, पार्बताबाई, त्यांच्याच शेतात कापूस वेचते. मजुरी वजनावर, म्हणून बाया दव असतानाच शेतात उतरतात. अकोल्यात दोन वर्षं मी शिकलो ते तिच्या वेचणीवर. आज मात्र ऊन चढलं तरी ती दारातच बसली होती.

"आज वेचणी नाही?"

"हाय ना. दव वाळल्याबिगर शेतात पाय ठेवाचा नाही, पाटलाचा हुकूम हाय. त्याच्या पोरानं शाळेतून इद्या आणली म्हणे."

शेजारची मैनाबाई चार बायांबरोबर शेताकडे निघाली होती. "मास्तर, पुढच्या धड्यात आमच्या घामाचंबी वजन करजा!"

बाया हसल्या. आईला हाक न मारताच पुढे गेल्या.

"तुले माहीत नोतं का रे?" आई म्हणाली. "सकाळी पाला ओला रायते. उन्हात चुरते, कापसात भरते. बोंडाची टोकं बोटात रुततात. वेचलं हायेस ना माह्यासंगं?"

माहीत होतं. तराजूत दिसलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी पाटलांना विचारून मी पहाटे शेरभर आणि दुपारी शेरभर कापूस वेचला. दोन्ही निवडले. पहाटेच्या कापसात एक तोळा पाला निघाला, दुपारच्यात आठ. पुड्या घेऊन पाटलांच्या ओसरीवर गेलो.

"दवाचे सहा तोळे वाचवायला तुम्ही पाल्याचे सात तोळे जास्त विकत घेता," मी म्हणालो.

भगवंतरावांनी पुड्या निरखून पाहिल्या. "बरोबर हाय, मास्तर. पण दव गाडीत भरेपर्यंत उडून जाते. पाला उडत नाही. तिकडं अमेरिकेत लढाई हाय, तिथला कापूस येत नाही, तवर व्यापारी पाल्यासकट उचलते. मंग ते वजन मी काहून सोडू?"

मी पुड्या उचलून निघालो. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

शेताच्या बांधावरून पाहिलं. बाया एका रांगेत बोलत वेचत होत्या. आई त्यांच्यापासून चार ओळी सोडून, एकटी. मी जवळ गेलो आणि तिचा हात धरला. बोटांची टोकं सोलली होती.

"थांब, काटे काढतो."

"राहू द्या, मास्तर." तिनं हात सोडवून घेतला. "तुमाले लांब जाचं हाय."

ती पुढच्या झाडाकडे वळली. माझ्याही बोटांत दोन काटे होते. अमरावतीच्या वाटेवर, बाभळीखाली बसून, ते मी एकट्यानंच काढले.