अप्पांचा गंजासुर

मित्रांनो, मला एका जागी स्वस्थ बसवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बसवणार तरी कसं? माझ्या एकाही पानावर कुणी निवांत नाही. कुणी उडतंय, कुणी आपटतंय, कुणी किंचाळत पळतंय. मी एका जुन्या चित्रकथामालेचा अंक आहे आणि माझं नाव ‘गंजासुर परतला’.

गंजासुर म्हणजे महादुष्ट. त्यानं नुसता हात लावला की लोखंडाला गंज चढायचा, पूल कोसळायचे, आगगाड्या रुळांवरच मोडून पडायच्या. माझ्या आधीच्या अंकात आमच्या नायकानं, पोलादवीरानं त्याला तेलाच्या विहिरीत बुडवून मारलं होतं. मुलांनी टाळ्या पिटल्या होत्या. आणि मग मी आलो, मुखपृष्ठावर विहिरीचा काठ धरलेला तेलकट हात घेऊन. छापखान्यातून निघालो तेव्हापासून हा माणूस माझ्या पोटात आहे. झोप कशी लागेल, तुम्हीच सांगा.

बीड जिल्ह्यात दिंद्रुडला पंचाक्षरी अप्पांचं किराणा दुकान आहे. तिथं मी आलो. अप्पा आम्हा अंकांना दुकानात सुतळीवर लटकवायचे. घरी न्यायचं नाही, इथंच बसून वाचायचं, असा नियम होता. शाळा सुटली की पोरं पोत्यांवर चढून बसायची आणि पात्रं वाटून घेऊन मोठमोठ्यानं वाचायची. अडचण एकच होती. पोलादवीर सगळ्यांनाच व्हायचं असे आणि गंजासुर व्हायला एकही पोर तयार नसे. आता गंजासुर बोलल्याशिवाय माझं पान पुढं सरकणार कसं? शेवटी गल्ल्यामागून अप्पा म्हणाले, “भांडू नका बे. मी होतो तुमचा गंजासुर.”

तुम्ही अप्पांना पाहायला हवं होतं. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग, आणि बोलणं इतकं हळू की गिऱ्हाईकाला पुढं वाकून ऐकावं लागे. पण गंजासुराची पाळी आली की साखर तोलता तोलता हाच माणूस गरजायचा, “थरथर काप, पोलादवीर! मी परत आलोय!” पोरं आनंदानं चित्कारायची. आतून जगदेवीकाकू, म्हणजे अप्पांची बायको, ओरडायची, “आवो हळू! शेजारचं लेकरू उठलं ना!” पोलादवीर बहुतेक वेळा अंगद नावाचा पोरगा व्हायचा, कारण मारामारीत तोच जिंकायचा. ते माझे सुखाचे दिवस होते. पानं मळली, दुमडली, एकदा तर गुळाचा चिकट हात लागला, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

मग घरोघरी टीव्ही आला, मागून मोबाईल आला. पोरं पोत्यांवर बसेनाशी झाली. आमच्या सुतळीवर चिप्सच्या पुड्यांच्या माळा लटकल्या. दुकानात विजेचा काटा आला तेव्हा जुनी वजनं एका पत्र्याच्या डब्यात गेली आणि त्यांच्याबरोबर मीही गेलो. वजनांना गंज चढला, माझ्या पिनांनाही चढला. मी अंधारात नुसता तळमळत होतो. बाहेरचं बोलणं ऐकू यायचं, एवढाच काय तो आधार.

आणि एक दिवस त्या बोलण्यातून अप्पांचा आवाज नाहीसा झाला.

अप्पांना लकवा मारला होता. उजवा हात लुळा पडला आणि जीभ अडली. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, “त्यांना सगळं समजतंय. शब्द आत अडकलेत. तुम्ही बोलत राहा, त्यांना बोलतं करा. फार दिवस दवडू नका.” मग घरातले बोलत राहिले. अप्पा म्हणे तोंड उघडायचे, ओठ हलवायचे आणि डोळ्यांत पाणी आणून भिंतीकडे बघायचे. जगदेवीकाकू दुकानात उभी राहायची आणि दर थोड्या वेळानं काही कारण काढून आत जाऊन यायची.

त्यांची मुलगी शिवांजली गेवराईला शिक्षिका आहे. ती रजा काढून आली होती. काहीतरी शोधताना तिनं डबा उघडला आणि मी सापडलो. तिनं मला झटकलं, फुंकलं आणि अप्पांच्या मांडीवर ठेवलं. अप्पांनी डावा हात माझ्यावर फिरवला. बोलले मात्र नाहीत.

त्याच दुपारी अंगद भेटायला आला. तो आता साखर कारखान्यात नोकरीला आहे आणि त्याचं पोट पोलादवीराला शोभणारं राहिलेलं नाही. मला पाहताच त्यानं पान उघडलं, खुर्चीतून उठला आणि जुन्याच सुरात वाचलं, “या नगरीला आता कसलीही भीती नाही! गंजासुर संपला आहे!”

यापुढं कुणी बोलायचं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अंगद थांबला. माझी पानं थरथरत होती. अप्पांचा ओठ वाकडा झाला, गळ्याची शीर ताठ झाली आणि आतून कुठून तरी खरखरीत आवाज आला, “थर... थर... काप! मी... परत... आलोय!”

शिवांजली रडायलाच लागली. अंगदला पुढची ओळ दिसेना. मी तर आनंदानं पिनांतून सुटायच्या बेतात होतो.

पण मित्रांनो, पुढं वेगळीच पंचाईत झाली. अप्पांना फक्त गंजासुराचंच बोलणं येऊ लागलं. काकूनं चहा आणला की म्हणायचे, “तुझी हाडं चुरडीन!” शेजारीण भाजी घेऊन आली तर, “मूर्ख प्राण्या, दूर हो!” गावाला हा किस्सा कळला आणि लोक मुद्दाम शिव्या खायला येऊ लागले. माजी सरपंच बबनरावही आले. अप्पांनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं आणि म्हणाले, “तुझं साम्राज्य धुळीला मिळवीन!” बबनराव हसले खरे, पण जरा सावरूनच. “अप्पा, निवडणुकीला टाइम हाय अजून,” म्हणाले.

सगळे हसले. जगदेवीकाकू हसली नाही. लोक गेल्यावर तिनं मला उचललं.

“बास झालं हे आता,” ती शिवांजलीला म्हणाली. “माझ्या घरात तो मेला दुष्ट बोलतोय. ह्यांचा आवाज हाय, पन बोलनं ह्यांचं न्हाई.”

“आई, कावून बंद करतीस? तेवढंच तर बोलतेत अप्पा!”

“म्हनूनच. तेवढ्यावरच भागलं तर पुढं कावून बोलतील?”

आणि तिनं मला तिच्या पेटीत लुगड्यांखाली कोंबलं. पेटी अप्पांच्या पलंगाशेजारीच होती. मला तिचा भयंकर राग आला. अरे, ज्याच्यामुळं आवाज फुटला त्यालाच कोंडता? पण पेटीत पडल्या पडल्या मला हेही कळत होतं, की तिचं म्हणणं खोटं नाही. माझ्यातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं. त्यातलं एकही अप्पांचं नव्हतं.

अप्पा पुन्हा मुके झाले. शिवांजली आईशी अबोला धरून बसली. मी कान लावून होतो. पलंग करकरे. अप्पांचा हात उशीखाली, चादरीखाली काहीतरी चाचपत फिरे आणि थांबे. आता हा माणूस कायमचा गेला, आणि काकूच्या हट्टापायी गेला, असं वाटून माझा जीव कासावीस झाला. काकूही पेटीपाशी येऊन उभी राहायची, कडीला हात लावायची आणि परत जायची.

एका सकाळी काकू खोली झाडत होती. अप्पा बराच वेळ घशात काहीतरी करत होते. गंजासुराकडं वस्तू मागण्याचं एकही वाक्य नाही, तो नुसतं हिसकावून घेतो. मग अप्पांनी करावं काय?

“आगं ए...” ते म्हणाले. केरसुणी थांबली. “पु... पुस्तक... कुठं ठिवलं?”

केरसुणी खाली पडल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाली, “आइकू आलं न्हाई. पुन्ना बोला.”

मित्रांनो, तिला ऐकू आलं होतं. पेटीत, लुगड्यांच्या थप्पीखाली मला ऐकू आलं, तर तिला येणार नाही?

अप्पा चिडले. “पुस्तक! माझं... हाय ते!”

“लोकांना शिव्या द्यायला पायजे का?” काकूनं विचारलं.

“तू... लई... हट्टी हायस!”

पेटी उघडली. काकूनं मला अप्पांच्या हातात दिलं आणि पदरानं डोळे पुसले. अप्पांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला बाजूला टाकलं आणि चहात साखर कमी होती, याची तक्रार अडखळत सुरू केली.

तेव्हापासून मी या पलंगावर उपडा पडून आहे. मला कुणी उघडलेलं नाही. मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपा, असं मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही. आम्हाला मोठ्यानं वाचा, वाटून घेऊन वाचा, आणि घरात कुणाचं बोलणं अडलं असेल तर त्याच्याशेजारी बसून वाचा. मग तो स्वतःचं काही बोलायला लागला, की आम्हाला खुशाल बाजूला टाका.

आता जरा गप्प राहा, मित्रांनो. दोघांचं भांडण अजून चालू आहे. ऐकू द्या मला.