अंगठ्याचा फॉर्म

टोस्टरमधून पाव टक्‌कन वर आला आणि सकाळपासूनचा आमचा अबोला मोडला.

"फावडं घसरलं, एवढंच लिही," जॅमची बाटली उघडत माझा नवरा अंबरीश म्हणाला. "बुटांचं कशाला काढतेस?"

"म्हणजे फावड्याने बुटाच्या पुढची स्टीलची टोपी तशीच सोडली आणि आतला अंगठा तेवढा मोडला?"

तो हसला. मीही. पट्ट्या गुंडाळलेला पाय खुर्चीवर ठेवून मी अपघाताचा फॉर्म पुढे ओढला.

ब्रेडा शहराजवळ नवी घरं उठायच्या आधी आमची कंपनी तिथं उत्खनन करतेय. परवा माझ्या खड्ड्यात एक जुनी कबर लागली. तिथल्या वाळूत हाडं टिकत नाहीत, माणसाची नुसती काळसर सावली उरते. ही सावली कुशीवर निजलेली, गुडघे पोटाशी, अगदी आमची आर्या निजते तशी. मी खाली उतरले आणि उतरताना बूट काढले. ठरवून नाही, देवळाच्या पायरीशी निघतात तसे निघाले. तेवढ्यात कडेला टेकवलेलं फावडं घसरलं, ते थेट पायावर.

"पण तिथं कोणी नव्हतंच गं, नुसता डाग होता," बर्फ लावत आमची साइटप्रमुख मरायके म्हणाली. मग हळूच, "खरं लिहिलंस तर तुला पुन्हा खड्ड्यात उतरू देतील का, सांगता येत नाही. करारही संपतोय ना तुझा?"

संपतोय, पुढच्या महिन्यात. पण फावडं माझ्यासोबत खणणाऱ्या डर्कने टेकवलं होतं. बुटांचं लपवलं की सगळं त्याच्या अंगावर जाणार.

मी लिहिलं: बूट मी स्वतः काढले, दुसऱ्या कुणाची चूक नाही.

अंबरीशने खांद्यावरून वाचलं, सुस्कारा टाकला आणि माझ्या पावाला जरा जास्तच लोणी लावलं.

शेवटचा रकाना होता: पुन्हा असं घडू नये म्हणून काय कराल? 'साइटवर बूट कधीही काढणार नाही,' मी लिहिलं. सही तेवढी राहिली.

एवढ्यात बागेतून आर्या चिखलाच्या बुटांनिशी आत आली.

"बूट बाहेर," मी सवयीनं म्हटलं.

पाच वर्षांची ती, मुकाट्यानं काढून आली. माझ्या पट्टीवर अलगद बोट ठेवून म्हणाली, "आई, ते तिथं झोपलं होतं ना?"

"हो, झोपल्यासारखंच."

मी पेन सहीच्या रेघेवर टेकवलं.

"मग परत कुणी झोपलेलं सापडलं, तर तू बूट घालून आत जाशील?"