आप्पांचं बैलाचं गाणं

मोबाईलमधलं ते गाणं पुसायला मीच लावलं. आता दुसऱ्या कुणाला शिव्या देऊ?

आमचे मालक, अख्खं देवणी गाव ज्यांना आप्पा म्हणतं, ते बैलांना गाणं म्हणायचे. औत चालू की तोंड बी चालू. चार वर्षांखाली बैलांच्या प्रदर्शनात पुण्याच्या एका पोरानं ते ऐकलं. तो लेकरांसाठी कार्टूनचा पिक्चर काढून राहिला होता अन् त्यात आमचा देवणी बैल होता. आप्पांना लातूरला नेऊन, काचेच्या खोलीत बसवून त्यानं बैलाचं गाणं रेकॉर्ड केलं. जाताना म्हणाला, "काकू, पिक्चर येईपर्यंत हे गाणं बाहेर जाऊ देऊ नका."

आम्ही शब्द दिला. सून ऋतुजानं शेतात आप्पांचा एक व्हिडिओ काढला होता, घरात तेवढाच. मी तिच्या मागं लागून तो पुसायला लावला. "पिक्चरात येणारच हाय की! तुला काय घाई लागलीय गं?" बिचारीनं पुसला.

दोन महिन्यांत आप्पांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरनं स्वरयंत्रच काढलं. नात साक्षी तेव्हा पाळण्यात होती. ती बोलायला लागली तसं तिचं रोजचं एकच, "आजी, आप्पा कसे बोलायचे?" मी म्हणायची, "थांब गं माय, पिक्चर येऊ दे. ऐकशील."

परवा आला एकदाचा. मी, आप्पा अन् साक्षी, आम्ही तिघं लातूरच्या थेटरात जाऊन बसलो. पडद्यावर बैल आला, मान हलवली अन् गायला लागला, "चल रं बाळ्या, बांध आला..." शब्द तेच, चाल तीच. आवाज मात्र कुण्या भलत्याच जवान पोराचा, साखरेत घोळल्यावाणी.

आप्पा नुसते पडद्याकडं बघत राहिले.

"हे माझे आप्पा हायेत!" साक्षी खुर्चीवर उभी राहून ओरडली. पुढचे लोक वळले, कुणी कुणी टाळ्या बी वाजवल्या.

मध्यंतरात मी बाहेर येऊन त्या पोराला फोन लावला.

"काकू, गायक बदलायचं वरून ठरलं. तुम्हाला कळवायचं राहिलं."

"ऱ्हाऊ दे. आमच्या माणसाचं रेकॉर्डिंग तेवढं दे."

तो म्हणाला, "नवं झाल्यावर जुनं ठेवलं नाही, काकू."

मुडद्या, असं अगदी ओठावर आलं होतं. पण मी तरी कुठं ठेवलं होतं? फोन बंद केला.

वळले तर मागं आप्पा, साक्षीचं बोट धरून. त्यांना सगळं समजलं होतं.

"आजी, आप्पा न्हाई न्हाई मान हलवून राहिलेत. तो आवाज आप्पांचा न्हाई?"

"न्हाई गं बाई."

"मग कसा होता? तू काढून दाखव."

मी लाज सोडली. तिथंच, पॉपकॉर्नच्या रांगेत, तोंड उघडलं. "चल रं बाळ्या..." आप्पांनी हातानं सांगितलं, असं न्हाई. मी आवाज जाड केला. न्हाई. नाकातून काढला. तसा बी न्हाई.

डोळे मिटून आठवायला गेले. औत आठवलं, बैल आठवले, आप्पांचं उघडं तोंड आठवलं. पस्तीस वर्षं कानाशी असलेला आवाज काही केल्या आठवंना.

डोळे उघडले तर आप्पा माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. मी पुढं म्हणायची वाट बघून राहिले होते.