पित्रात लावलेलं ताम्हण

माझ्या मुलाला, सुदर्शनला, पंचांग कळतं, माती कळत नाही. मला संताप येतो तो याचाच.

हे जाऊन दोन वर्षं झाली. करमाडच्या आमच्या शेताच्या बांधावरून ताम्हणाचं बी आणून ह्यांनी दोन रोपं केली होती. सिडकोतल्या घरासमोर जांभळी फुलं हवीत, एवढाच हट्ट होता. मला बजावून गेले, "पाऊस सरता सरता लाव. माती उबदार असती, थंडीच्या आत मुळं धरत्यात."

गेल्या वर्षी नेमकी तेव्हाच पित्रं लागली. "पित्रात नवं काही करायचं नाय, आई," सुदर्शन म्हणाला. मग नवरात्रात कंपनीत रजा नाही, दसऱ्याला नवी गाडी, दिवाळीला सासुरवाडी. शेवटी ऐन थंडीत, अंगात स्वेटर घालून, त्यानं एक रोप लावलं. महिन्याभरात त्याची काडी झाली. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, म्हणून स्वतःवरही चिडले.

दुसरं पिशवीतच राहिलं. मुळं गोल गोल फिरून पिशवी फाडायला निघाली होती. आणखी एक हिवाळा त्यानं तसा काढला नसता.

परवा ह्यांची तिथी होती. सून तनुजा वडे तळत होती. सुदर्शन गच्चीवर पान ठेवून कावळ्याला हाका मारत होता. मी पदर खोचला, कुदळ घेतली आणि फाटकाशेजारी खड्डा केला. पिशवी कापून रोप लावलं.

सुदर्शन धावत खाली आला. "आई, येडी झालीस का? आजच्या दिवशी? काढ ते. दसऱ्याला लावू."

"मागचं बी दसऱ्यालाच लावणार व्हतास ना?" माझा आवाज गल्लीभर गेला. "वर बापाला जेवायला बोलावतोस. बाप आलेला चालतो, अन् त्याचं झाड चालत नाय व्हय रं?"

तो फाटकाला धरून उभा राहिला. मग खाली बसला आणि दोन्ही हातांनी माती दाबू लागला.

"एवढं जोरात नको, गाढवा! मुळं दबतील!" मी खेकसले.

हे त्याला अगदी असंच ओरडायचे. तो मान खाली घालून रडायला लागला. माझा राग तरीही गेला नव्हता.

"रडतो काय," मी म्हटलं. "पाणी आण."