चार वाजताची पाळी

भैयाजींचा गहू ऐन पोटरीवर, ओंबी बाहेर पडायच्या बेतात असताना कालव्याचं पाणी हुकलं, आणि ते शेजारच्या महादेवरावांनीच चोरलं याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. भैयाजींच्या मुलीला, नंदिनीला तर मुळीच नाही. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणावरून बारा वर्षं अबोला धरलेला माणूस पाणी चोरणार नाही तर काय तीर्थ पाजणार?

भैयाजी आपल्या पाण्याच्या पाळीसाठी दुपारी चारला शेतावर पोचले तेव्हा पाट कोरडा, आणि महादेवरावांचं वावर मात्र ओलंगच्च. त्यांनी तडक पाणीवापर संस्थेत अर्ज दिला: या माणसाची पुढची पाळी रद्द करा. आज त्यावर सभा होती.

संस्थेचा कॉम्प्युटर नंदिनीच सांभाळायची. महादेवरावांनी कुणाला तरी हाताशी धरून बाबांच्या पाळीची वेळ बदलून घेतली असणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं. सभेआधी तिनं पाळ्यांच्या नोंदींचं मूळ टेबल उघडलं. बाबांची पाळी: ०४:००, म्हणजे पहाटेची. नोंदीला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

संस्थेबाहेर लावलेल्या पडद्यावर मात्र नुसतं '४ वाजता'.

"सोळा वाजता म्हंजे काय वं पोरी?" म्हणून म्हातारे वैतागायचे, तेव्हा चोवीस तासांची वेळ बारा तासांत आणणारं फंक्शन तिनंच लिहिलं होतं. टेबल होतं तसंच राहायचं. त्याचं हे सोपं केलेलं रूप, म्हणजे व्ह्यू, तेवढा पडद्यावर जायचा. पहाट की दुपार, हे दाखवायचं ती विसरली होती.

बाकीच्यांचं काही अडलं नाही. पाळी संपली की जो तो पुढच्याला हाक मारतो, पडदा बघतो कोण? बाबांच्या आधीची पाळी होती अबोला धरलेल्या महादेवरावांची.

एक ओळ गुपचूप दुरुस्त केली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची होती, आणि चोर ती स्वतः होती. तिला स्वतःची लाज वाटली. सभेत उभं राहून तिनं सगळं सांगून टाकलं.

भैयाजी महादेवरावांकडे वळले. "मंग तुहं वावर ओलं काऊन?"

"माह्या पाळीचं पानी होतं थे. पहाटे चारले तुह्या पाटात सोडलं. तू आला नाई, अर्धा घंटा धुऱ्यावर उभा राह्यलो. पानी नाल्यात चाल्लं होतं."

"अर्धा घंटा? अन् एक हाक नाई मारली?"

"मारली असती तं आला असता?"

भैयाजींनी समोरचा अर्ज उचलून खिशात घातला. आपण आलो नसतो, हे त्यांना ठाऊक होतं.